मानाची माशी

"बस, बस. आज तुझा दिवस आहे," म्हणत सरांनी छापलेला मसुदा तिच्यापुढे सरकवला.

सरांनी तिला बसायला सांगावं हेच मुळात नवल. त्यांच्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं हंगामी मदतनीस, आणि त्यातली निम्मी उभ्यानेच गेलेली. रानातली सडकी फळं पोत्याने आणायची, वाळूच्या पेट्यांत मांडायची, अळ्या वाळूत उतरून कोश करेपर्यंत नाक दाबून वाट बघायची. गेल्या वर्षी एका पेटीतून भलतीच फळमाशी निघाली. पंखावर दोनाऐवजी तीन पट्टे. सर म्हणाले होते, "पट्टा कसला, डाग पडला असेल." मग हिने तसल्याच चाळीस माश्या वाढवून त्यांच्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा कुठे सरांना तो पट्टा दिसला.

नवी जात! वर्णनही हिनेच लिहिलं. पंख, पाय, डोक्यावरचे केससुद्धा एक न् एक मोजून. पुढच्या महिन्यात कायम जागेसाठी तिची मुलाखत होती, आणि तिथे स्वतःच्या नावावर एक तरी पेपर लागत होता. हे सरांना ठाऊक होतं. तिने दोनदा सांगितलं होतं.

तिने पहिलं पान पाहिलं. लेखक म्हणून आधी सर, मग सरांचे जावई. जावयांनी नकाशा काढला होता. म्हणजे नकाशावर एक ठिपका दिला होता, तोही हिला फोनवर विचारून.

"सर, माझं नाव?"

"अगं, खाली बघ की!" सर खुशीत आले. "अख्ख्या माशीलाच तुझं नाव दिलंय. आपण सगळे मरून जाऊ, पण ही पुस्तकात तुझ्याच नावाने राहील. आहेस कुठे!"

खरंच की. तिच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडून ते माशीला लावलं होतं. खोटं कशाला बोला, क्षणभर तिला भरून आलं.

"आणि लेखकांत?"

"तिथे कसं येईल? आपणच शोधायची आणि आपलंच नाव ठेवायचं, लोक हसतील. रीतच आहे ना आपल्यात. ज्याचं नाव माशीला, तो लेखकांत नाही."

रीत तिलाही माहीत होती. पण सरांनी ती इतक्या मायेने पुढे केली, की रागवायचं तरी कुणावर, हेच तिला आधी कळेना. मग एकदम कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र तिने साधाच ठेवला.

"मग सर, हा मान आपण जावईबापूंना देऊ या. माशीला त्यांचं नाव, आणि लेखकांत त्यांच्या जागी माझं."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला.

"काहीतरीच काय बोलतेस!" ते म्हणाले. "माशी घेऊन तो काय करणार? बढती अडलीय त्याची. त्याला पेपर लागतो."