समोर दिसेल त्याची नावं

विलासचा देह अंगणात आणून ठेवला, तरी त्याची बायको शारजा रडेना. बायकांनी तिला मुद्दाम त्याच्या उशाशी बसवलं. अशा वेळी बाईला रडवावं लागतं, नाहीतर दुःख छातीत बसतं.

"चादर," शारजा शांतपणे म्हणाली. "झेंडूची माळ. तांब्या."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शारजा कामाला जाते त्या सूतगिरणीत कामगारांच्या कानामागे एक बोलकी पट्टी लावतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. राग किंवा दुःख उसळलं की पट्टी कानात सांगायची, श्वास सोड, समोर दिसेल त्याची नावं घे. मन थाऱ्यावर यायचं आणि हात पुन्हा कामाला लागायचे.

"ती पट्टी उपट आधी," सासू म्हणाली. "माझा लेक गेलाय." तिने स्वतःच सुनेचे केस बाजूला केले. कानामागे नुसता पांढुरका डाग होता.

"गिरणीने मागच्या वर्षीच काढून घेतली, आत्या," शारजा म्हणाली. "आता लागत नाही."

शेजारी तिची मुलगी चिमी हुंदके देत होती. तिला पट्टी कधी लावलीच नव्हती. तिने आईकडे पाहिलं, नाक पुसलं आणि लांब श्वास सोडला.

"चादर," ती म्हणाली. "माळ. बाबा. तांब्या."