राहिलेली चोवीस पानं

"अहो, माझं पुस्तक कुठं गेलं?"

एका हाताला डायलिसिसच्या नळ्या, दुसऱ्या हातानं बायकोनं टॅब रेग्यांपुढे धरला. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास ती या खुर्चीत बसायची ती त्या कादंबरीच्या जिवावर. शेवटची चोवीस पानं तिनं आजसाठी मुद्दाम राखून ठेवली होती. आता तिथं कादंबरीचं नाव आणि खाली एकच ओळ होती: 'वाचकांच्या तक्रारींमुळे हे पुस्तक काढून टाकण्यात आले आहे.'

"विकत घेतलं होतं ना आपण? मग आपल्याच टॅबमधून उचलून कसं नेतात?"

रेग्यांनी ते नाव पुन्हा वाचलं. रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर तेच नाव आलं होतं. 'आपल्या समाजाची बदनामी! सर्वांनी तक्रार नोंदवा.' नळाचं पाणी असो की रस्त्यावरचा दिवा, तक्रार करण्यात रेग्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. चहा निवायच्या आत त्यांनी ती नोंदवली होती. पुस्तकाचं एक पानही न वाचता.

"आहे तरी काय त्यात एवढं?" त्यांनी चाचरत विचारलं.

"एक बाई भावांशी भांडून विहीर खणते. पाणी लागतं की नाही, तेवढंच कळायचं राहिलं होतं."

रेगे उठले, खिडकीपर्यंत जाऊन परत आले. खिशातला फोन चाचपून त्यांनी तिथंच राहू दिला.

"नुसत्या येरझाऱ्या काय घालताय?" ती म्हणाली. "तक्रार करा की! तुम्ही केलीत की काम होतंच."