चमचाभर साखर

चक्रीवादळानंतर चौथ्या दिवशीही परदेशातलं बिनमाणसाचं मदतयान गावात उतरलं, पण आज त्याचं दार उघडेना. आत दूधपावडर होती. रुचिताचं अंगावरचं दूध आटलं होतं आणि चार महिन्यांची लेक सकाळपासून पेजेच्या पाण्यावर होती.

"या गावाची मदत थांबवली आहे," यान स्वच्छ मराठीत म्हणालं. "काल या गावातून परत आलेल्या दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात साखर सापडली. ज्यांच्याकडे उरतं, त्यांना मदत मिळत नाही."

रुचिताने सासूकडे पाहिलं.

"मीच घातली चमचाभर," सासूबाई म्हणाल्या. "शेजारणीचं भांडं रिकामं परत करतात होय गं?"

"शेजारीण? आई, परक्या देशाचं सरकार आहे ते!"

"असू दे. दारात आलं ना?"

रुचिता यानासमोर उभी राहिली. "साखर उरली नव्हती हो. होती त्यातलीच दिली."

"का?"

"तुम्ही दिलंत म्हणून."

"देण्याचं हे कारण माझ्या यादीत नाही," यान म्हणालं. "माणसाला विचारतो."

अर्धा तास गेला. लेक रडून रडून दमली. मग यानातून त्या देशातल्या मदतकेंद्रातल्या एका बाईचा आवाज आला आणि यान तिचं बोलणं मराठीत सांगू लागलं.

"बाळाला आधी पाजा. पुढच्या महिन्यात आमच्याकडे मतदान आहे, परक्यांना अशी मदत द्यावी की नाही यावर. या साखरेचं ऐकेपर्यंत माझं ठरत नव्हतं."

दार उघडलं. रुचिता डबा घेऊन पाणी उकळायला धावली.