पेन्सिलीनं पळवलेला संगणक

बापानं शर्यतीची घोडी विकून घेतलेला संगणक उघडून बेर्मेतनं त्यातला स्वस्तातला प्रोसेसर काढला. त्यावरचे सोनेरी ठिपके पेन्सिलीच्या वीज वाहणाऱ्या शिशानं जोडले, की तो ठरल्यापेक्षा जोरात पळणार होता. रेघ घसरली, तर जळणार होता. नेहमीच्या वेगानं तिची छोटी कार्टूनफिल्म तयार करायला संगणकाला उद्याचा दिवस लागला असता; संध्याकाळपर्यंत ती पुरी झाली नाही, तर बिश्केकच्या कलाशाळेतली जागा हुकलीच. “दुसरी घोडी नाही हं विकायला,” बाप म्हणाला. “बाबा, बोलू नका.” तिनं रेघ ओढून प्रोसेसर बसवला, कळ दाबली. स्क्रीन काळीच राहिली. “मेला?” बापानं विचारलं. तिनं प्रोसेसर पुन्हा काढला. ती रेघ पुसून पुन्हा ओढत असताना हात घसरू नये म्हणून बापानं तिचं मनगट घट्ट धरलं. या वेळी स्क्रीन उजळली. बापानं तापलेल्या यंत्रावर तळहात ठेवला. “दमलाय. खिडकी उघड.” बर्फाळ वारा आत शिरला. दोघं कोट चढवून कुडकुडत बसले. अंधाराआधी फिल्म पुरी झाली.