धावते दिवे

स्केटिंग हॉलच्या मालकाने भंगारातून जुन्या स्ट्रोब ट्यूबा आणल्या होत्या. वायरमनने जिवाचं रान करून त्या जमिनीलगत दारापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत बसवल्या. बटण दाबताच ट्यूबा एकामागून एक लखलखल्या आणि उजेड भिंतीकडून दाराकडे पळत सुटला.

“उलटं कर रे बाबा,” मालक म्हणाला. “गिऱ्हाईक आत खेचायचंय, बाहेर हाकलायचं नाही.”

वायरमनने तारांची अदलाबदल केली. वर फ्यूज उडाला तरी मजा थांबू नये म्हणून ती लाइन वेगळ्या बॅटरीवर टाकली. हॉलमध्ये नुकतीच शिकवायला लागलेली त्याची धाकटी बहीण हरखून म्हणाली, “दादा, तुझे दिवे बघितले की पाय आपोआप त्यांच्यामागे पळतात!” आठवडाभर तो हे भेटेल त्याला सांगत सुटला होता.

महिन्याभरात, भर दुपारी हॉलच्या छताला आग लागली. वीज गेली, आत धूर कोंडला. वायरमन धापा टाकत पोचला तेव्हा बाहेर नऊ चादरी अंथरलेल्या होत्या. बहीण त्याला हातातल्या कड्यावरून ओळखावी लागली.

“दार तर सताड उघडं होतं हो,” अग्निशमन दलाचा जवान म्हणाला. “मग सगळेच्या सगळे मागच्या भिंतीपाशी कसे सापडले?”

वायरमनने दारातून आत पाहिलं.



काळ्याकुट्ट धुरात त्याच्या ट्यूबा अजून पळत होत्या, एकामागून एक, मागच्या भिंतीकडे.