ठिगळाखालचं ठिगळ

लुरीननं तिच्या पणजीची गोधडी दुरुस्तीला माझ्या मांडीवर टाकली. "पणजीनंतर हिला कुणाची सुई लागलेली नाही, ड्रूसीमावशी."

थापाडी मेली! निळ्या चौकोनावरचं ठिगळ आंधळ्यालाही दिसलं असतं. आमच्या केंटकीच्या डोंगरात फाटकं कापड कापून टाकत नाहीत, त्याच्यावरच नवं शिवतात. मी दाढेत तंबाखू धरली आणि ठिगळ उसवलं. खाली दुसरं निघालं, त्याच्याखाली तिसरं. सगळे टाके डावखुऱ्या हाताचे.

"तुमच्या घरात डावखुरं कोण होतं गं?"

"कुणीच नाही. अख्ख्या डोंगरात डावखुऱ्या तुम्हीच तेवढ्या."

तिसऱ्या ठिगळाचं कापड हात लावताच विरत होतं. दोऱ्याचं टोक मात्र ओलं होतं, कुणीतरी आत्ताच ओठांत धरल्यासारखं. मी हुंगून पाहिलं. माझ्याच तंबाखूचा वास आला.

मी अजून सुईत दोरा ओवलाच नव्हता.