चार बोटं उंच पिल्लू

"पोट आणि जमीन यांच्यात दोन बोटं हवीत. इथं चार मावतात," परीक्षक इनामदार म्हणाले. "मालनताई, हा डॅशहुंडच नव्हे. अपात्र!"

मिरजेच्या श्वान प्रदर्शनात वीस वर्षं मालनताईंचंच कुत्रं पहिलं यायचं. त्या भडकल्या. "त्या दोन बोटांसाठी याच्या आजीला पदक दिलंत. पाचव्या वर्षी मणक्यातली गादी सरकली अन् मागचे पाय फरफटत मेली ती. पाय आखूड करणारं जनुकच मणका बिघडवतं, म्हणून याचं ते जनुक मी गर्भातच दुरुस्त करून घेतलं. पाय वाढले तर वाढले! घाला तुमचं पदक चुलीत."

सवयीनं त्या पिल्लाला दोन्ही हातांनी उचलायला वाकल्या, तोवर ते मंचाच्या पायऱ्या टणाटण उतरलंसुद्धा. रांगेतले मालक "धरा, धरा!" ओरडले. डॅशहुंडला पायरी उतरू द्यायची नाही, म्हणून प्रत्येकानं आपापलं कुत्रं कडेवर घेतलं होतं. पिल्लू शेपूट हलवत परत वर आलं.

इनामदारांचा आवाज उतरला. "आमच्या चिंगीचेही मागचे पाय गेलेत, चाकांच्या गाडीवर आहे हो. तिची लेक गाभण आहे, वीस दिवस झाले. अजून जमेल?"

"जमेल. उद्याच न्या."

मालनताईंनी डॉक्टरांचा नंबर सांगितला, तेव्हा रांगेतले आणखी तिघं तो टिपून घेत होते.